सहज टिपलेलं कुटुंब

३ मार्च, रविवार

कॅमेरा घेतला. गंभीरपणे छायाचित्रण करणाऱ्यानं रोजनिशी ठेवावी असं दुकानदार म्हणाला, म्हणून ही वहीही घेतली. वही त्याच्याच दुकानातली आहे.

आजवर मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागाचा प्रमुख, एवढाच होतो. नळाला पाणी नाही असं लिहिणाऱ्याच्या नळाला खरंच पाणी नाही, की त्याला नुसतंच कुणाशी तरी बोलायचंय, हे मला अर्जाच्या पहिल्या दोन ओळींत समजतं. हाताखालचे लोक म्हणतात, साहेबांना माणूस आरपार दिसतो. इतकी वर्षं ही नजर नळांवर खर्च झाली. आता ती सत्कारणी लागेल.

बायकोला कॅमेरा दाखवला. ती शिलाई मशीनवर बसली होती. लोकांचे कपडे उसवून, बेतून, मापात बसवून देण्याचं काम ती घरीच करते, हॉलमधल्या मोठ्या खिडकीशी. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ती काही बोलली नाही. तिच्या तोंडात टाचण्या असल्या की आमचं बोलणं फार छान होतं.

एक तत्त्व ठरवून टाकलंय. पोज दिलेले फोटो काढायचे नाहीत. माणसं बेसावध असताना टिपायची. सत्य तिथेच असतं.

१० मार्च, रविवार

पहिली सहल, तळ्याकाठी. मी, बायको, मुलगी, जावई आणि नात. नात चार वर्षांची आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात. थंडी नुकतीच सरलीय, काठावरच्या झाडांना पोपटी पालवी फुटलीय, ऊन कोवळं. असा उजेड असल्यावर आंधळ्यालाही फोटो काढता येईल, असं वाटत होतं.

सगळ्यांना बजावलं, "मी इथे नाहीच असं समजा. सहज राहा."

जावई सहज राहिला तो असा, की हात मागे बांधून पाण्याकडे बघत उभा राहिला, जणू बुडालेलं कोणी वर यायचंय. मुलगी म्हणाली, "बाबा, किती वेळ सहज राहायचं? पाय दुखले." चिमणी तेवढी मनापासून सहज होती, पण ती चौकटीत थांबेना.

खरी अडचण बायकोची. तिच्या एका खांद्यावर डब्यांची पिशवी, दुसऱ्यावर सतरंजी, हातात पाण्याच्या बाटल्या आणि चिमणीचा स्वेटर. पिशवीमुळे सगळी रचना बिघडत होती. म्हटलं, खाली ठेव. म्हणाली, "जमीन ओली आहे." म्हटलं, मग दुसऱ्या कुणाच्या हातात दे. तिनं विचारलं, "कुणाच्या?" आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हातात कॅमेरा होता. शेवटी जावयानं पिशवी घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा सहजपणा आणखी कमी झाला.

घरी येऊन फोटो बघितले. बायको जवळजवळ प्रत्येक फोटोत आहे आणि प्रत्येक फोटोत वाकलेली आहे. एकात सतरंजी पसरतेय, एकात चिमणीचा बूट शोधतेय, एकात सतरंजीची घडी घालतेय. तिला म्हटलं, जरा ताठ राहत जा, पाठीला बाक येईल. म्हणाली, "बघते."

१३ मार्च, बुधवार

छायामित्र मंडळात नाव घातलं. मंडळ दर बुधवारी एका दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावर भरतं. डॉक्टर स्वतः अध्यक्ष. फोटो दाखवताना सगळे दवाखान्यातल्या त्याच खुर्चीत आळीपाळीने बसतात, त्यामुळे टीका झाली तरी तोंड उघडवत नाही.

एप्रिलमध्ये प्रदर्शन आहे. विषय: घरातले निवांत क्षण. मला वाटतं हा विषय माझ्यासाठीच निघाला. डॉक्टरांनी माझे फोटो पाहून विचारलं, "या बाई कामाला असतात का तुमच्याकडे?" मी म्हटलं, माझी पत्नी. ते म्हणाले, "हो का? वा." नेमकं काय वा, ते बोलले नाहीत.

१६ मार्च, शनिवार

आज घरात टिपण्याचा श्रीगणेशा केला. दुपारी बायको खुर्चीतच पेंगली होती. मान कललेली, तोंड उघडं, मांडीवर कुणाची तरी अर्धी उसवलेली पँट. 'दुपारची डुलकी' असं नाव सुचलं. लगेच मोठा करून आणला आणि हॉलमध्ये लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. बायकोनं तो बघितला. मग हात पुसले आणि पुन्हा बघितला. कलाकृतीपुढे माणूस असाच मूक होतो.

संध्याकाळी गायनशाळेच्या बाई आल्या. शाळेच्या सगळ्या गायकवृंदाचे पोशाख दर वर्षी बायकोच शिवते, तिचं सर्वांत मोठं काम ते. बाई एकच बाही असलेलं जाकीट घालून, दोन्ही हात वर करून उभ्या होत्या, बायको खाली बसून कडेला टाचण्या लावत होती. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून मी तो क्षण टिपला. बाई दचकल्या. टाचणी टोचली. मग त्या असं काही बोलल्या की गायनाच्या शिक्षिकेचा आवाज तेवढा चढू शकतो, यावर माझा आधी विश्वास बसला नसता.

फोटो हलला. त्यांच्यामुळे.

१९ मार्च, मंगळवार

गायनशाळेनं काम दुसरीकडे दिलं. बायकोनं जेवताना सांगितलं. मी म्हटलं, कलेची समज सगळ्यांना नसते.

ती म्हणाली, "त्यांच्यापाठोपाठ आणखी दोघी गेल्या. इथे पडद्यामागून फोटो काढतात, असं झालंय. बायका कपडे घालून बघायला यायच्या कशा?"

तिला धीर यावा म्हणून म्हटलं, उलट बरंच झालं, जरा उसंत मिळेल. शिवाय डॉक्टर म्हणतात, चेहऱ्यासाठी उत्तरेच्या खिडकीसारखा उजेड नाही, आणि आपल्याकडे ती एकच खिडकी उत्तरेची आहे. तिथे माझा छोटासा स्टुडिओ होईल. तेवढं मशीन हलव.

"कुठे हलवू?"

"थोडं इकडेतिकडे."

"इकडे की तिकडे?"

"तुला सोयीचं पडेल तिथे."

तिनं ताटावरून मान वर केली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. चेहरा विलक्षण बोलका होता, पण कॅमेरा आतल्या खोलीत राहिला होता. म्हणाली, "ठीक आहे. मला सोयीचं पडेल तिथे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कशावरही आमचं एवढ्या पटकन एकमत झालेलं आठवत नाही.

२४ मार्च, रविवार

आजची सहल फळबागेत. झाडं पांढऱ्या गुलाबी फुलांनी लगडलेली, खाली पाकळ्यांचा सडा. मुलगी, जावई, चिमणी पुढे गेली. बायको म्हणाली, "अहो, दोन मिनिटं बसा. मला तुमच्याशी बोलायचंय." आम्ही एका ओंडक्यावर बसलो. नेमक्या त्याच वेळी फांद्यांतून उन्हाचा एक कवडसा तिच्या कानामागून आला आणि केसांच्या कडा पेटल्यासारख्या दिसायला लागल्या. असा उजेड रोज मिळत नाही. मी म्हटलं, "तू बोल, मी ऐकतोय," आणि काढत राहिलो.

ती एका दुकानाविषयी सांगत होती. भाड्यानं मिळतंय, की घेतलंय, वर एक खोली आहे, असं काहीसं. शेवटी म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" मी फोकस धरून बसलो होतो. "हं," म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "हं हं. मान जरा डावीकडे."

तिनं मान डावीकडे केली नाही. उठून पुढे गेली. पण आधीचा मिळाला आहे, अप्रतिम. ओठ किंचित उघडे, डोळे थेट माझ्याकडे, मागे फुलं. नाव ठेवलं 'मनमोकळ्या गप्पा'. प्रदर्शनाला हा नक्की.

परतताना मुलीनं विचारलं, "आईनं सांगितलं ना तुम्हाला?" मी म्हटलं, हो, सगळं झालं बोलणं. ती म्हणाली, "आणि तुम्ही एवढे शांत?" मी म्हटलं, उजेडच तसा होता.

३० मार्च, शनिवार

माझ्या शब्दाला घरात मान आहे, हे आज पुन्हा सिद्ध झालं. मशीन हललं.

मेहुणा टेंपो घेऊन आला. हा बायकोचा धाकटा भाऊ, सुतारकाम करतो. अंगानं आडवा, बोलायला उभा. तो आणि जावई मशीन उचलून बाहेर घेऊन गेले. मी विचारलं, बाहेर कशाला? मेहुणा म्हणाला, "दुकानात, भाऊजी." म्हणजे ते दुकान सामान ठेवायला घेतलंय तर. चांगली कल्पना आहे. मी म्हटलं, जड आहे, सांभाळून. मेहुणा म्हणाला, "तुम्ही एक बाजू धरता?" मी त्यांचा फोटो काढत होतो.

मशीनपाठोपाठ कापडाचं कपाट गेलं, इस्त्रीचं टेबल गेलं, दोऱ्यांची रिळं गेली. तास दीड तासात खिडकी अशी मोकळी झाली की बघत राहावं. तिथे करड्या कागदाचा पडदा लावला. स्टुडिओ तयार.

चिमणी म्हणाली, "आजीच्या नव्या घरात माडी आहे. मी तिथे झोपणार." मुलांचं कल्पनाविश्व केवढं असतं. तिलाच पहिली पडद्यापुढे बसवली. तिनं जीभ काढली.

३ एप्रिल, बुधवार

मंडळात सांगितलं की घरात स्टुडिओ केला. डॉक्टर म्हणाले, "बाईंनी जागा दिली?" म्हटलं, आनंदानं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, आमच्याकडे मी ट्रायपॉड उघडला तर घरात अबोला होतो. त्याची कीव आली.

७ एप्रिल, रविवार

सहल झाली नाही. बायकोला आवराआवर करायची होती. मी म्हटलं, मग घरातलाच निवांत क्षण टिपू.

मेहुण्याचा टेंपो पुन्हा आला. वसंतात घर साफ करावं, मलाही पटतं. तिचं लोखंडी कपाट, दोन गाद्यांपैकी एक, आरसा, कुंड्या, स्वयंपाकघरातली थोडी भांडी. माझ्या स्वभावात अडगळीला विरोधच आहे, त्यामुळे मी कशालाच नाही म्हटलं नाही. भिंती मोकळ्या झाल्या. मोकळ्या भिंतीइतकी चांगली पार्श्वभूमी नाही.

सगळं चढवून झाल्यावर बायको आत आली. म्हणाली, "आठवडाभराचं शिजवून फ्रिजमध्ये ठेवलंय. गॅसवाला मंगळवारी येईल. निघते मी."

मी म्हटलं, "थांब, थांब."

ती थांबली. खरंच थांबली, उंबऱ्यावर, पाठ माझ्याकडे.

म्हटलं, "तू टेंपोत जाऊन बस, मी दारातून घेतो. बघू नकोस माझ्याकडे."

ती गेली आणि पुढच्या सीटवर बसली, मांडीवर मोठी इस्त्री घेऊन. मागे कपाटाचं टोक, कुंडीतली पानं. मेहुण्यानं गाडी सुरू केली तेव्हा तिनं काच खाली घेतली आणि तोंडावर वारा येऊ दिला. तोच क्षण मिळाला. 'वसंतातली साफसफाई'. रात्रीपर्यंत तोच बघत बसलो, इतका चांगला आलाय.

११ एप्रिल, गुरुवार

बायको सध्या दुकानातच झोपते. कामाची गर्दी असणार, या दिवसांत लग्नाचे कपडे असतात. सोयीचंही आहे. जेवणाच्या टेबलावर आता फोटो पसरून ठेवता येतात, उचलायला सांगणारं कोणी नाही.

मोजे कुठे असतात, हे विचारायला फोन केला. म्हणाली, "दुसऱ्या खणात. तुमचे आहेत सगळे तिथेच." आवाज प्रसन्न होता. मागे कुणीतरी हसत होतं.

शेजारचे कंपाउंडर फाटकाशी भेटले. म्हणाले, "कळलं. वाईट वाटलं." मी म्हटलं, कशाचं? ते म्हणाले, "नाही, सहज." हल्ली सगळेच सहज झालेत.

१४ एप्रिल, रविवार

मुलगी, जावई, चिमणी आणि बायको नदीवर गेली, असं नंतर कळलं. मला कुणी बोलावलं नाही. मुलीला फोन करून विचारलं. म्हणाली, "बाबा, आज फक्त फिरायला गेलो होतो."

फक्त फिरायला जाऊन काय मिळतं? संध्याकाळी काही राहतच नाही हातात.

स्टुडिओत बसलो. घरात टिपण्यासारखं कोणी नाही. टायमर लावून स्वतःचा एक काढला. बरा नाही आला. माणूस वाट बघत असल्यासारखा दिसतो.

१८ एप्रिल, गुरुवार

फ्रिजमधलं संपलं. कणीक मळली. ती हाताला लागली ती निघेना, तेवढ्यात परीक्षणाच्या तारखेसाठी डॉक्टरांचा फोन आला. फोनलाही लागली.

२१ एप्रिल, रविवार

प्रदर्शन झालं. पहिलं बक्षीस मला.

इतकं लिहून थांबलो होतो. पण वही गंभीरपणे ठेवायची ठरवलीय, तर सगळं लिहितो.

हॉल भरला होता. मुलगी बायकोला घेऊन आली होती. बायकोनं नवा निळा पोशाख घातला होता, स्वतः शिवलेला असावा, ताठ उभी होती. मी म्हटलं, बरं झालं आलीस. म्हणाली, "माझेच फोटो आहेत, म्हटलं बघावे."

परीक्षक एका वर्तमानपत्रात आयुष्यभर फोटो काढलेल्या बाई होत्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, सगळं नाकाजवळ नेऊन बघणाऱ्या. 'दुपारची डुलकी'पुढे त्या जेमतेम थांबल्या. "झोपलेल्या माणसाला विचारल्याशिवाय काढला की चोरी होते," एवढंच म्हणाल्या. 'मनमोकळ्या गप्पा'पुढे जरा जास्त थांबल्या. "ही बाई काहीतरी महत्त्वाचं सांगतेय. समोरचा ऐकत नाहीये." लोक हसले. मीही हसलो, सगळे हसत होते म्हणून.

मग 'वसंतातली साफसफाई'. तिथे त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की मागची माणसं पायांवरचा भार बदलायला लागली.

"घर सोडून निघालेली बाई दाखवायची म्हटलं की सगळे रडू दाखवतात," त्या म्हणाल्या. "इथे हिला हलकं वाटतंय. वारा लागू देतेय तोंडाला. आणि हे बघा, फोटो काढणाऱ्याची सावली. पायरीपर्यंत आलीय आणि तिथेच संपलीय, गाडीपर्यंत पोचत नाही. स्वतःवर एवढी निर्दय नजर टाकणारा माणूस मी या शहरात पाहिला नव्हता. कुणाचा आहे हा?"

डॉक्टरांनी मला पुढे केलं.

"कोण ही?"

"माझी पत्नी."

"आणि ती जाताना तुम्ही दारात उभं राहून टिपलंत?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "साफसफाई आहे ही. नाव खाली लिहिलंय."

त्यांनी चष्मा वर करून खालचं नाव वाचलं. "असंही म्हणता येईल," त्या म्हणाल्या.

मी बायकोकडे वळलो. म्हटलं, "अगं, सांग ना यांना."

बायको म्हणाली, "बाईंनी बरोबर ओळखलंय."

मोठ्यानं नाही बोलली. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

नंतर प्रमाणपत्र दिलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना फोटोशेजारी उभं केलं आणि स्वतः कॅमेरा डोळ्याला लावला. "जरा जवळ या," म्हणाले. मी सरकलो. बायको होती तिथेच राहिली, पण प्रमाणपत्राचं एक टोक तिनं धरलं, कारण माझ्या हातात ते हलत होतं.

जिन्यात मुलगी मला म्हणाली, "बाबा, आईनं तुम्हाला किती वेळा सांगितलं."

"मला आठवत नाही."

"कसं आठवेल? तुम्ही फोटो काढत होतात. तुमच्याकडे पुरावाच आहे."

२२ एप्रिल, सोमवार

कचेरीत गेलो नाही. 'मनमोकळ्या गप्पा' भिंगाखाली धरून बसलो. ओठ कुठल्यातरी अक्षरावर थांबलेत. 'रा' असेल, किंवा 'जा'. मी तिथे होतो, हातभर अंतरावर, आणि मला माहीत नाही.

कचेरीतून हाताखालच्या माणसाचा फोन आला, एक बाई तिसऱ्यांदा तोच अर्ज घेऊन आलीय, काय सांगू? नेहमीप्रमाणे 'नोंद घेतली आहे' असं सांग म्हणणार होतो. म्हटलं, तिला बसव आणि नीट विचार. तो म्हणाला, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

२४ एप्रिल, बुधवार

मंडळात न जाता दुकानात गेलो. भाजीबाजाराच्या मागची गल्ली, दोन पायऱ्या, काचेचं दार. आत मशीन दारासमोरच होतं. भिंतीला मेहुण्यानं केलेल्या फळ्या, त्यावर रंगांप्रमाणे लावलेली रिळं. कोपऱ्यात कपडे बदलायला पडदा, जाड, जमिनीपर्यंत. त्या पडद्यातून गायनशाळेच्या बाई बाहेर आल्या, नव्या जाकिटात. मला बघितलं आणि परत आत गेल्या.

बायको म्हणाली, "अहो, तो कॅमेरा बाहेर ठेवा आधी."

गळ्यात होता. माझ्या लक्षातच नव्हतं. बाहेर पायरीवर ठेवून आलो. बाई गेल्यावर तिनं मला स्टूल दिलं. ती शिवतच होती. तोंडात टाचण्या होत्या, त्या तिनं एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचल्या. मला त्याची भीतीच वाटली.

म्हटलं, "परत कधी येणार?"

"कुठे?"

"घरी."

"घरी कुठे?"

"कुठे म्हणजे काय? अख्खं घर तुझंच आहे."

"अख्खं नको," ती म्हणाली. "मशीन आणि खुर्ची मावेल एवढी जागा दाखवा. दाखवलीत तर येऊन बघेन."

"एवढंच?"

"एवढंच तर होतं."

मग एक गिऱ्हाईक आलं, झिप बिघडलेली बॅग घेऊन. मी उठलो. ती चिडलेली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तक्रारीला उत्तर द्यायची मला सवय आहे. तिची तक्रारच राहिलेली नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

घरभर हिंडलो. जागेच्या पाहणीला कचेरीचा माणूस जातो तसा, प्रत्येक खोलीत उभं राहून बघितलं. हॉलमध्ये माझा पडदा, दिवे, उजेड पसरवायच्या छत्र्या. झोपायच्या खोलीत तिच्या बाजूला फ्रेमांच्या काचा उभ्या केलेल्या. जेवणाच्या टेबलावर फोटो. बाल्कनीत खोकी. हे सगळं मी कधी ठेवलं? ठेवताना प्रत्येक वेळी तिथे मोकळी जागा होती, एवढं नक्की आठवतं.

शेवटी हॉलच्या खिडकीपाशी आलो. करडा कागद काढला. दिवे माळ्यावर टाकले. काचा पुसल्या, आतून आणि बाहेरून. चौकटीच्या फटीत टाचण्या सापडल्या, त्या गोळा करून बशीत ठेवल्या. 'दुपारची डुलकी' उतरवला. जागा मोजली. मशीन आणि खुर्ची मावते. पहिल्यापासून मावत होती.

फोन केला. म्हणाली, "रविवारी दुपारी दुकान बंद असतं. येईन."

२८ एप्रिल, रविवार

आली. घंटा वाजवून आली. किल्ली असून घंटा वाजवली, हे मला जरा लागलं, पण बोललो नाही. कॅमेरा कपाटात होता.

मी चहा केला. तिनं प्यायला. पातळ झालाय असं मीच म्हटलं, तिनं नव्हे. मग खिडकीशी ठेवलेल्या खुर्चीवर बसली. मी तिला सगळं दाखवलं, इथे मशीन, इथे इस्त्रीचं टेबल, इथे कपाट, आणि गिऱ्हाइकांसाठी या बाजूनं पडदा, जाड, जमिनीपर्यंत. मी आत स्वयंपाकघरातच बसेन. हवं तर बाहेर जाईन. ती ऐकत होती. मध्येच एकदा म्हणाली, "बसा ना. उभे का?" मी बसलो. बाहेर रस्त्यावरून मुलं सायकली घेऊन गेली. झाडांची फुलं गळून आता नुसती पानं उरलीत. तिनं विचारलं, कचेरीत काय चाललंय. मी त्या तिसऱ्यांदा आलेल्या बाईचं सांगितलं. तिच्या नळाला खरंच पाणी नव्हतं. जुनी जोडणी चुकून दुसऱ्याच घराला दिलेली निघाली. बायको म्हणाली, "बघा."

मग ती उठली. खिडकीच्या कठड्यावरून हात फिरवला, काच बघितली, बशीतल्या टाचण्या रुमालात बांधून घेतल्या.

"जागा छान झालीय," म्हणाली. "उजेडही भरपूर आहे. भाड्यानं दिलीत तर लगेच जाईल."

हे ती हसत म्हणाली की नाही, ते मला सांगता येत नाही. ती खिडकीकडे पाठ करून उभी होती, आणि उजेड मागून असला की चेहरा काळा येतो.